अरण्यांत जाण्यापूर्वीं

गेल्या अंकांत तीर्थयात्रा आणि सहल यांतील भेदाविषयीं मीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून एका वाचक भगिनीनें पत्र पाठविलें आहे. त्या लिहितात, "आमचें अकरा माणसांचें कुटुंब दसऱ्यानंतर वाटाड्या घेऊन भीमाशंकरचें अरण्य पाहावयास जाणार आहे. घरांत सत्तरीच्या सासूबाई आहेत, आठ वर्षांचें मूल आहे. पूर्वतयारी कशी करावी, तें आपण सांगावें." प्रश्न सरळ आहे, परंतु त्याचें उत्तर देण्याचा अधिकार मला आहे काय, या विचारांत माझे आठ दिवस गेले. कारण या विषयांत मी एकदां नापास झालेला विद्यार्थी आहें. शेवटीं असें ठरविलें कीं, नापास कसा झालों तें आधीं सांगावें आणि उत्तर मागाहून लिहावें.

आमचें घर चिंचवडगांवांत, मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून जवळच आहे. घरांत मी, सौ., माझ्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडें असा परिवार आहे. मीं छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत व मराठी हे विषय शिकविले. थोरली सूनबाई चाकणच्या एका कारखान्यांत कामगारांच्या सुरक्षिततेचें खातें पाहते. तिचा मुलगा तेव्हां दहा वर्षांचा होता. पुढील हकीकत त्याची व माझी आहे.

मागील श्रावणांत मी, सौ., धाकटा मुलगा व हा नातू असे चौघेजण भीमाशंकरास गेलों होतों. दर्शन झालें. सौ. व मुलगा यांस चहाच्या दुकानांत बसवून मी नातवास म्हणालों, "चल, तुला खरें अरण्य दाखवितों." रानाच्या तोंडाशीं एक महादेव कोळी गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, "बाबा, धुकं लई हाय. वाट दावू का? दोनशे रुपये द्या." मीं उत्तर दिलें, "आम्हांस वाट ठाऊक आहे." वास्तविक ती मला ठाऊक नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वीं शाळेच्या सहलीबरोबर त्या बाजूस मी एकदां गेलों होतों, एवढेंच. दोनशें रुपये वांचवावे हा एक विचार मनांत होता. परंतु त्याहून मोठा विचार हा कीं, अमरकोश पाठ असलेल्या मनुष्यास वनस्पति कोणीं दाखवाव्या?

गुप्त भीमाशंकराच्या वाटेनें आम्ही निघालों. मी नातवास एक झाड दाखवून सांगितलें, "ही हरीतकी. आपण हिरडा म्हणतों तो हाच. त्रिफळ्यांतील एक फळ याचें." मग मी पुढें चालत हरीतकीचे गुण सांगूं लागलों. कांहीं वेळानें मागें वळून पाहतों तों नातू नाहीं. हांका मारल्या. धुकें दाट होतें आणि पानांवरून गळणाऱ्या पाण्याचा आवाज सर्व बाजूंनीं येत होता; माझी हांक दूरवर जात असेल असें मला वाटेना. मोबाईल खिशांत होता, पण त्यावर संपर्काची एकही रेघ नव्हती. कोणत्या बाजूस शोधावें हें कळेना, आणि जेथें उभा होतों ती जागा सोडली तर पुन्हां सांपडेल कीं नाहीं हेंही कळेना. त्या पाऊण तासाचें वर्णन मी करीत नाहीं. ज्यांच्या घरांत मूल आहे, त्यांस तें सांगावें लागत नाहीं.

माझ्या हांका त्याच कोळी गृहस्थांच्या कानीं पडल्या. ते आले, आणि मला म्हणाले, "तुमी हितंच ऱ्हावा. एक हरावलाय, दुसरा नगं." थोड्या वेळानें ते नातवास खांद्यावर घेऊन परत आले. शेकरू दिसलें म्हणून तो वाट सोडून उतरला होता आणि एका ओघळाच्या कांठावर झाडाला धरून बसला होता. अंतर साठ-सत्तर पावलांहून अधिक नव्हतें. परततांना नातवानें, बहुधा माझें मन राखावयास, एका झाडाकडे बोट करून विचारलें, "आजोबा, हाच ना हिरडा?" मी होय म्हणण्यापूर्वींच ते गृहस्थ हळूच म्हणाले, "न्हाय बाळा, ते जांभूळ हाय. हिरडा म्होरं हाय, दावतो." मीं त्यांस पांचशें रुपये देऊं केले. त्यांनीं ते घेतले नाहींत.

घरीं आल्यावर मीं जी हकीकत सांगितली ती अशी : "मूल खोडकर. सांगूनही वाट सोडून खारीमागें धांवलें. देवाची कृपा, लगेच सांपडलें." यांतील 'सांगूनही' हा शब्द खोटा होता, मीं त्यास कांहींच सांगितलें नव्हतें. 'लगेच' हा शब्दही खोटा होता. वाटाड्यास परत पाठविल्याची गोष्ट तर मीं गाळलीच. नातवानें माझ्याकडे एकदां पाहिलें आणि मान खालीं घातली. त्यास आईचीं बोलणीं खावीं लागलीं, तरी तो कांहीं बोलला नाहीं. छत्तीस वर्षांत मीं मुलांना खरें बोलावें असें किती वेळां सांगितलें असेल याची गणती नाहीं. आणि घरच्या मुलानें मात्र माझ्या खोट्यास आपल्या मौनानें झांकलें.

यंदा आषाढांत वहिनींनीं विषय काढला. त्या म्हणाल्या, "देवाचं दर्शन चारदा झालं, ते रान मात्र एकदाही पाहिलं नाही. गुडघे चालताहेत तोवर दाखवा." सर्वांस ही कल्पना आवडली. सूनबाई तेवढी म्हणाली, "सगळे जा. माझा मुलगा येणार नाही." मी तिची समजूत घालूं लागलों, तेव्हां ती शांतपणें म्हणाली, "बाबा, आमच्या कारखान्यात नवा माणूस आला, मग तो कितीही शिकलेला असो, पहिल्या दिवशी त्याला यंत्राला हात लावू देत नाहीत. आधी धोका कुठं आहे ते दाखवतात, मग टोपी-बूट देतात, मग सोबत एक जुना माणूस देतात. आणि अपघात झालाच, तर 'कुणी केला' हे आधी विचारत नाहीत. 'कशामुळं झाला' हे विचारतात. गेल्या वर्षी कशामुळं झालं, ते तुम्ही मला अजून सांगितलेलं नाही."

मला उत्तर देतां आलें नाहीं. त्याच आठवड्यांत मी एकटाच एस. टी. नें त्या वाटाड्यांचा शोध घेण्यास गेलों. पहांटे निघालों, कारण भोसरी, मोशी, चाकण ही वाट दिवस वर आल्यावर मालमोटारींनीं तुंबते, हें या पट्ट्यांतील वाचकांस सांगावयास नको. पुढें राजगुरुनगर, तेथून चास, वाडा, तळेघर. प्रत्येक गांवापुढें हिरवा रंग गडद होत जातो. ते गृहस्थ त्याच जागीं उभे होते. मीं माझा व्यवसाय सांगितला, मागील वर्षाच्या वर्तनाबद्दल क्षमा मागितली, आणि कुटुंबास अरण्य दाखवाल काय असें विचारलें. त्यांनीं दक्षिणेचा विषय आधीं काढला नाहीं. त्यांनीं विचारलें, "गुरुजी, तुमच्यांत सगळ्यात सावकाश कोन चालतं?" मी म्हणालों, "आमच्या वहिनी." "मंग त्या माज्या मागं चालतील. बाकी समदी त्यांच्या मागं. तुमी सगळ्यात शेवटी. मागं बघत चालायचं न्हाय, म्होरली मानसं मोजत चालायचं." सारी योजना या चार वाक्यांत आली. मागें राहणाऱ्याच्या पावलानें सर्वांनीं चालावयाचें, आणि कर्त्या पुरुषानें पुढें न मिरवितां शेवटीं राहून माथीं मोजावयाचीं.

आतां ज्या अरण्यांत जावयाचें तें कसें आहे, हें थोडक्यांत सांगतों. कारण ठाऊक नसलेल्या घरीं पाहुणा गेला तर त्याचे हातून न कळत मर्यादा मोडते. आपल्या पिंपरी-चिंचवड व चाकणच्या बाजूस वर्षाला साधारण सहाशें-सातशें मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून वायव्येस सरळ रेषेंत पन्नास-साठ किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या माथ्यावर, तो तीन हजार मिलिमीटरांच्या वर जातो. अरबी समुद्रावरून आलेले ढग कड्यांस अडून वर चढतात, थंड होतात आणि तेथेंच रिते होतात; उरलेलें आपल्या वांट्यास येतें. विषुववृत्ताजवळील ॲमेझॉनसारख्या पर्जन्यवनांत थोडाफार पाऊस बारमास असतो. आपल्याकडे चार महिन्यांचें पाणी बारा महिने पुरवावें लागतें. म्हणून भीमाशंकरचें रान दक्षिणेकडील अरण्यांइतकें उंच नाहीं व बव्हंशीं निमसदाहरित या वर्गांत मोडतें. परंतु जांभूळ, अंजनी, आंबा, हिरडा यांची सावली जेथें दाट आहे, तेथें भर दुपारींही ऊन जमिनीस क्वचितच लागतें. खालीं कुजलेल्या पानांचा जो मऊ थर असतो, तोच या रानाची पाण्याची कोठी होय. वाट सोडून चालणारा मनुष्य ती कोठी तुडवितो.

हें अभयारण्य १९८५ सालीं जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें १३० चौरस किलोमीटर असून तें पुणें, ठाणें व रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलें आहे. शेकरू म्हणजे तांबूस रंगाची मोठी खार. हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि त्याच्या रक्षणासाठींच मुख्यतः हें अभयारण्य झालें. तो जमिनीवर क्वचितच उतरतो, फांदीवरून फांदीवर मोठी झेप घेतो, आणि काटक्या व पानें यांचीं गोल घरटीं एकाहून अधिक बांधतो. त्यास ये-जा करण्यास फांद्यांचा अखंड मांडव लागतो. मांडव तुटला कीं त्याचा संसार तुटतो. युनेस्कोनें २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ३९ स्थळें जागतिक वारशांत घेतलीं. त्यांत महाराष्ट्रांतील कास, कोयना, चांदोली व राधानगरी हीं चार आहेत. भीमाशंकर त्यांत नाहीं. परंतु वारशाच्या यादींत नसलेली वस्तु सांभाळावयाची नसते, असें कोणीं सांगितलें?

आणखी एक नातें आहे. भीमा येथें उगम पावते, चासकमानच्या धरणांत विसावते, तुळापुरास इंद्रायणीला भेटते; पुढें मुळामुठेबरोबर आपल्या चिंचवडची पवनाही तिच्यांतच जाते, आणि पंढरपुरास तिलाच आपण चंद्रभागा म्हणून मस्तक लवितों. तेव्हां हें रान परक्याचें नव्हे. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं १९७० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील देवरायांचा अभ्यास करून दाखविलें कीं, ग्रामस्थांनीं देवाच्या भीतीनें व भक्तीनें न तोडलेल्या या वनखंडांत दुर्मिळ झाडें टिकून राहिलीं आहेत. शास्त्र शिकलेल्या आम्हां लोकांस जें साधलें नाहीं, तें न शिकलेल्यांनीं साधलें. वाटाड्यास गुरु मानण्याचें हें पहिलें कारण.

आतां प्रत्यक्ष तयारी सांगतों. यांतील निम्मी वाटाड्यांनीं सांगितली, निम्मी सूनबाईनें. मी केवळ लेखनिक आहें.

पहिली गोष्ट काळाची. आषाढ-श्रावणांत हें रान अति सुंदर असतें, परंतु लहान मुलें व वृद्ध यांस घेऊन जाण्याचा तो काळ नव्हे. धुकें, निसरडें, अचानक भरणारे ओढे हीं संकटें असतात. शिवाय वनखातें त्या दिवसांत कित्येक वाटा व धबधबे बंद ठेवतें. ३० जुलै २०१४ रोजीं याच आंबेगांव तालुक्यांत माळीण गांवावर डोंगर खचला आणि दीडशेंहून अधिक माणसें त्याखालीं गेलीं. तीं माणसें सहलीस आलीं नव्हतीं, आपल्या घरांत होतीं. पावसाळी डोंगराशीं थट्टा करणाऱ्यांनीं तें गांव आठवावें. श्रावणी सोमवार व महाशिवरात्र या दिवशीं गर्दींत रान दिसत नाहीं. दसऱ्यानंतरचे दिवस त्या मानानें बरे; ओढे वाहते असतात व वाट दिसते. तरी परतीचा पाऊस दुपारीं विजांसह येतो. म्हणून सकाळीं लवकर रानांत शिरावें आणि दुपारच्या जेवणास बाहेर यावें. निघण्याच्या आदल्या दिवशीं हवामानखात्याचा इशारा पाहावा. तो लाल असेल तर बेत मोडावा. मोडलेला बेत पुन्हां जुळतो. कोणत्या वाटा खुल्या आहेत, परवाना लागतो कीं काय, हें वनखात्याकडे विचारून ठेवावें. रात्रीं परवानगीवांचून रानांत जाऊं नये.

दुसरी गोष्ट पायांची. सहा आठवडे आधीं चालण्याचा सराव सुरू करावा. आम्हीं निगडीची दुर्गादेवी टेकडी ठरविली आहे. वहिनी पहिल्या दिवशीं अर्ध्या चढावर बसल्या. आतां त्या माथ्यावर जाऊन आमची वाट पाहतात. रानांत जे बूट घालावयाचे, तेच सरावास घालावे. नवे बूट सहलीच्या दिवशीं प्रथम घालणारा मनुष्य संध्याकाळीं पायांचे फोड मोजतो. तळव्यास खांचा असलेले बूट घ्यावे, चपला नकोत. वृद्धांस काठी द्यावी, आणि ती घेण्यांत कमीपणा मानूं नये.

तिसरी गोष्ट कपड्यांची. पूर्ण बाह्यांचे, मातकट किंवा हिरवट रंगाचे, लवकर वाळणारे कपडे घालावे. सुती कपडा एकदां भिजला कीं दिवसभर अंगाला थंड चिकटून राहतो. पायजम्याचें टोंक मोज्यांत खोंवावें, म्हणजे गवतांतील गोचिडी अंगावर चढत नाहींत. छत्रीपेक्षां पावसाळी अंगरखा बरा, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि दोन जोड मोजे पिशवींत बांधून मोटारींत ठेवावे. अत्तर लावूं नये. दागिने घरीं ठेवावे.

चौथी गोष्ट हातांची. न पाहतां कोणत्याही फांदीस धरूं नये, दगडाखालीं हात घालूं नये. चापडा नांवाचा हिरवा विषारी साप फांदीवर पानांत पान होऊन निजलेला असतो. त्याला दुखविलें नाहीं तर तो आपल्या वाटेस येत नाहीं. दुर्दैवानें दंश झालाच, तर जखम कापूं नये, चोखूं नये, आवळून बांधूं नये. दंश झालेला अवयव न हालवितां, रोग्यास धीर देऊन, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर सरकारी रुग्णालयांत न्यावें. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. परंतु रानांत मोबाईल बहुधा चालत नाहीं, म्हणून कोठें संपर्क लागतो तें वाटाड्यास आधींच विचारून ठेवावें.

पांचवी गोष्ट मुलांची, आणि ती मला सर्वांत महाग पडली. प्रत्येक मुलाच्या गळ्यांत शिट्टी बांधावी. तीन वेळां शिट्टी म्हणजे 'मी हरवलों' हा संकेत घरींच शिकवावा. चुकलें तर पळूं नये, शोधूं नये, जवळच्या झाडाला धरून तेथेंच बसावें, हें त्यास खेळांतून पुन्हां पुन्हां सांगावें. आमच्या नातवास हें कोणीं सांगितलें नसतां त्यानें आपल्या बुद्धीनें केलें. प्रत्येक मुलास तें सुचेलच असें नाहीं. मुलाच्या खिशांत नांव, घरचा क्रमांक व वाटाड्याचें नांव लिहिलेला कागद ठेवावा. शिवाय आम्ही कोठें गेलों, केव्हां परतणार, हें घरीं राहणाऱ्या एका माणसास लिहून द्यावें.

सहावी गोष्ट शिदोरीची. दशम्या, चटणी, गूळ, शेंगदाणे, पाणी आणि थोडी मीठ-साखर बरोबर असावी. जें नेलें तें सर्व, कागदाच्या कपट्यासुद्धां, परत आणावें. माकडांस व शेकरूस कांहीं खावयास घालूं नये. भूतदया म्हणून दिलेला तो बिस्कुटाचा तुकडा त्यांस भिकारी करतो. आमच्या वाटाड्यांनीं आपल्या घरीं जेवणाचें विचारलें. मी वहिनींकडे कसें सांगावें या विवंचनेंत होतों. त्यांचें सोवळें सर्वांस ठाऊक आहे. त्याच म्हणाल्या, "ज्याने आपलं मूल खांद्यावर आणलं, त्याच्या घरची भाकरी मला चालते. दशम्या तुम्ही वाटेत खा."

सातवी गोष्ट जिभेची. गाणीं लावूं नयेत, हांका मारूं नयेत. पाहावयाचें असेल तेव्हां थांबावें. वाटाड्यांनीं मला बजावून सांगितलें, "बगायचं तवा हुबं ऱ्हावा, चालायचं तवा वाटंकडं बगा." हें सूत्र इतकें नेटकें आहे कीं, तें मीं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलें आहे. मुलांस एकेक वही द्यावी आणि झाडाचें वाटाड्या सांगेल तें नांव आधीं लिहावयास सांगावें. संस्कृत नांव मागाहून कोशांत पाहतां येतें. वाटाड्यांच्या घरीं उन्हाळ्यांत बाळहिरडा गोळा करून वाळवितात आणि विकतात. त्या फळावर त्यांचा संसार चालतो. मी हरीतकीचे गुण जाणत होतों, पण झाड ओळखीत नव्हतों. त्यांनीं मला सालीवरून, पानावरून, वाळलेल्या फळावरून हिरडा ओळखावयास शिकविलें. पावसाळ्यांत कुजक्या लांकडावर रात्रीं मंद उजळणारी बुरशी या रानांत असते, तीही त्यांनीं वर्णन केली. पिंपरीस १९५४ सालीं स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यांत बुरशीपासून पेनिसिलीन होत असे, हें मी वर्गांत सांगत आलों. पण बुरशी प्रकाशही देते, हें मला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळलें.

आठवी गोष्ट दक्षिणेची. ती आधीं ठरवावी आणि घासाघीस करूं नये. ज्ञान स्वस्त मिळावें ही इच्छा शिक्षकानें तरी धरूं नये.

इतकी टिपणें घेऊन मी घरीं आलों. रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांस बसविलें आणि मागील वर्षाची हकीकत जशी घडली तशी सांगितली. वाटाड्यास परत पाठविलें तें, मुलास कांहींच न सांगितल्याचें, पाऊण तासाचें, जांभळास हिरडा म्हटल्याचें, आणि घरीं येऊन काय बोललों तेंही. छत्तीस वर्षें वर्गापुढें उभा राहिलेला मी, त्या रात्रीं घरच्या नऊ माणसांपुढें बोलतांना माझा आवाज स्थिर नव्हता. कोणी कांहीं बोललें नाहीं. मग नातू म्हणाला, "आजोबा, पण वाट मीसुद्धा सोडली होती." मी म्हणालों, "बाळ, तूं वाट सोडलीस ती तुला वाट कोणीं दाखविली नाहीं म्हणून. दाखविणें माझें काम होतें."

सूनबाई उठून आंत गेली. माझी समजूत झाली कीं, ती रागावली. ती कागद व पेन घेऊन परत आली आणि म्हणाली, "सांगा, वाटाड्या काय काय म्हणाले? आपण यादी करू." वर जी तयारी लिहिली आहे, ती त्या यादीची नक्कल होय. तिच्या शेवटीं सूनबाईनें स्वतःच्या हातानें मुलाचें नांव लिहिलें.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस माझें उत्तर एवढेंच आहे. बूट, काठी, शिट्टी हें सर्व बाजारांत मिळतें. यादी करून तें एका दिवसांत आणतां येतें. जें बाजारांत मिळत नाहीं तें हें कीं, त्या दिवसापुरतें घरांतील ज्येष्ठांनीं शिष्य व्हावें, आणि मुलांनीं तें पाहावें. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांचा शब्द मोठा असतो, आणि तो असावा. परंतु जेथें आपल्यास वाट ठाऊक नाहीं, तेथें 'मला ठाऊक नाहीं' हाच वडीलधाऱ्यांचा शब्द असला पाहिजे. तो वेळेवर उच्चारला तर मुलें सुखरूप राहतात. उशिरा उच्चारला तरी घर शांत होतें, हा माझा अनुभव आहे.

आम्ही दसऱ्यानंतरच्या शनिवारीं निघूं. नातवानें आपल्या शिट्टीस दोरी ओंवून ठेविली आहे, आणि दुसरी एक शिट्टी माझ्यासाठीं आणली आहे. तो म्हणतो, "आजोबा, तुम्ही सगळ्यांत शेवटी चालणार ना? मग तुम्हालाच हवी." ती मीं घेतली आहे.